आमच्या घरगुती कांदा-लसूण चटणीच्या वेबसाइटचं एसईओ एजन्सी न लावता आपलं आपण करता येईल का?

येईल, ताई. एसईओ म्हणजे गूगलच्या शोधात आपली साइट वर दिसावी म्हणून केलेलं काम. आणि सुरुवातीचं वर्षभर तरी तुम्हीच करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात तुम्ही आणि जाऊबाई मिळून चटणी करता, पुतण्यानं वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर वेबसाइट करून दिलीय. ब्रँडचं नाव टाकलं तर साइट दिसते, पण 'कांदा लसूण मसाला ऑनलाइन' असं शोधलं तर कुठंच पत्ता नाही. आणि एक एजन्सी दरमहा पैसे घेऊन पहिल्या नंबरची गॅरंटी देतेय. त्या गॅरंटीचं आधी सांगतो. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनं स्वतःच लिहून ठेवलंय. अशी हमी देणाऱ्यापासून लांब राहा. केलेल्या कामाचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, हेही गूगलच सांगतं. पंधरा दिवसांत वर आणतो म्हणणाऱ्याचं काय करायचं ते तुम्हाला कळलंच असेल.

माझं शिवाजी उद्यमनगरात शेतीपंपांच्या सुट्या भागांचं छोटं युनिट आहे आणि त्याची वेबसाइट मीच सांभाळतो. धंदे वेगळे असले तरी काम तेच आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट बघा, जिचा एसईओशी थेट संबंध नाही, पण तिच्यावाचून पुढचं सगळं अडतं. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणाच्या ईमेलवर घेतलंय? पुतण्याच्या असेल तर तुमच्या खात्यावर करून घ्या. होस्टिंगचा (साइट जिथं ठेवलीय त्या सेवेचा) आणि वर्डप्रेसचा पासवर्डही स्वतःकडं ठेवा. आपल्याकडं कितीतरी छोट्या धंद्यांचं डोमेन वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर असतं. तो माणूस फोन उचलेनासा झाला की नूतनीकरण राहून जातं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

मग गूगलला तुमची साइट माहीत आहे का ते तपासा. सर्चच्या चौकटीत इंग्रजीत साइट हा शब्द, लगेच कोलन आणि मध्ये जागा न सोडता तुमच्या वेबसाइटचा पत्ता टाका. गूगलकडं असलेली तुमची पानं समोर येतील. फक्त होमपेज दिसलं, किंवा काहीच दिसलं नाही, तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंगवर जा. तिथं सर्च इंजिनांना साइट न दाखवण्याबद्दल एक टिकमार्क असतो. साइट तयार होत असताना तो लावतात आणि काढायचा राहून जातो. तुमची साइट ब्रँडच्या नावानं दिसते म्हणजे बहुधा तो नसेल, पण बघायला अर्धं मिनिट लागतं.

त्यानंतर गूगल सर्च कन्सोल, म्हणजे तुमची साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं टूल, जोडा. ते फुकट आहे. तिथं साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, द्या. एकेका पानाचा पत्ता टाकून ते गूगलनं घेतलंय का, नसेल तर का नाही, हेही तिथं कळतं. पुढं जाऊन याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही तुमच्या हाती नसेल.

आता खऱ्या कामाकडं येतो. लोक तुमची वस्तू कुठल्या शब्दांनी शोधतात? आपण कोल्हापुरात तिला चटणी म्हणतो. पुण्या-मुंबईत चटणी म्हटलं की लोकांना शेंगदाण्याची नाहीतर खोबऱ्याची आठवते. ते शोधतात 'कांदा लसूण मसाला' किंवा 'कोल्हापुरी मसाला'. शिवाय निम्मे लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, आणि तेही पाच प्रकारच्या स्पेलिंगनं. तुमच्या साइटवर सगळीकडं फक्त 'चटणी' असेल तर कुरिअरनं माल मागवणारं तुमचं मुख्य गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. दोन्ही शब्द वापरा, पण वाक्यात सहज येतील तसे. एकच शब्द वीस वेळा कोंबलेलं पान वाचवत नाही, आणि गूगलही त्याला स्पॅम समजतं.

शब्द शोधायला पैशांचं कुठलं टूल नको. गूगलमध्ये 'कांदा लसूण मसाला' एवढं टाइप करून थांबा आणि खाली काय काय सुचवलं जातं ते वहीत लिहून घ्या. पुण्यातल्या एखाद्या नातेवाइकाला त्यांच्या फोनवर हेच करायला सांगा, कारण शहरागणिक आणि फोनगणिक फरक पडतो.

पण त्याहून मोठा खजिना तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये आहे. गिऱ्हाईक काय विचारतं? 'फार तिखट आहे का, मुलांना चालेल का?' 'एक किलो मटणाला किती चमचे?' 'लसूण न घालता करून द्याल का?' 'फ्रिजमध्ये ठेवावी लागते का?' 'रंग कशाचा आहे, वरून काही घालत नाही ना?' यातला प्रत्येक प्रश्न कुणीतरी गूगललाही विचारतंय. तुम्ही त्याचं उत्तर रोज फोनवर देता, फक्त ते साइटवर नाही. एजन्सीतल्या मुलाला हे प्रश्न माहीत नसतात. तो चार साइट बघून 'उत्कृष्ट दर्जाचे अस्सल मसाले' असली वाक्यं लिहून देतो. आमच्या साइटवर सगळ्यात जास्त फोन आणणारं पान कुठल्या पार्टचं नाही. 'मोटर चालते पण पाणी चढत नाही' असं त्याचं शीर्षक आहे, कारण शेतकरी फोनवर नेमकं हेच म्हणतो. पार्ट नंबर त्याच्या डोक्यात नसतोच.

तुमच्या मिरच्यांवर एक पान लिहाच. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी आणि लवंगी तिखटपणासाठी, कुठली किती आणि का. कांदा कितपत परतता, खोबरं कसं भाजता, मिश्रण डंकावर कुटता की गिरणीत, हेही येऊ द्या. सोबत तुमचे स्वतःचे फोटो टाका. प्रमाण गुपित ठेवायचं असेल तर ठेवा, पण बाकीचं इतकं तपशिलात लिहा की वाचणाऱ्याला कळावं, ही बाई खरंच चटणी करते. अशी माहिती दुसऱ्या कुणाच्या साइटवर नसते. शोधणाऱ्याला आणि गूगलला, दोघांनाही हवी असते ती हीच.

एक गोष्ट मान्य करून चला. नुसत्या 'मसाला' या शब्दावर मोठे ब्रँड आणि ऑनलाइन बाजारपेठा वरच राहणार. तिथं डोकं आपटू नका. 'कमी तिखट कांदा लसूण मसाला', 'तांबड्या रश्श्यासाठी मसाला', 'डंकावर कुटलेली कोल्हापुरी चटणी' असे लांब शोध घ्या. शोधणारे कमी असतात, पण ज्याला नेमकं हे हवंय तो घेऊनच जातो.

प्रत्येक पानाचं टायटल, म्हणजे शोधात दिसणारं शीर्षक, वेगळं हवं. तुमच्या प्रश्नातली लिंक उघडून बघितली, तर चारही पानांचं टायटल 'होम' आणि पुढं ब्रँडचं नाव एवढंच आहे. त्याऐवजी 'कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला, डंकावर कुटलेला घरगुती' असं काही करा आणि ब्रँड शेवटी घ्या. महत्त्वाचे शब्द आधी, कारण मोबाइलवर लांब टायटल कापलं जातं. शोधात त्याच्या खाली दिसणाऱ्या दोन ओळींच्या वर्णनानं नंबर वाढत नाही, पण ते वाचून माणूस क्लिक करतो, म्हणून नीट लिहा. मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपलेली शब्दांची यादी, भरायच्या भानगडीत पडू नका. वेब सर्चसाठी ते आपण बघत नाही, हे गूगलनं 2009 मध्येच जाहीर केलंय, तरी अजून काही लोक त्याचे पैसे लावतात.

आता मराठी साइटचं खास दुखणं. तुमचं दरपत्रक आणि 'आमच्याविषयी' हे दोन्ही फ्लेक्सवाल्यानं केलेल्या डिझाइनचे फोटो आहेत. माणसाला वाचता येतं, पण शोधाच्या दृष्टीनं ती पानं जवळपास कोरीच. तो मजकूर टाइप करून टाका. टाइप करताना डीटीपीवाल्याकडून फाइल घेणार असाल तर सावध राहा. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या, युनिकोड (सगळीकडं सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग असते. गूगल तीच रांग वाचतं, आणि 'कोल्हापूर' हा शब्द त्या पानावर आहे हे त्याला कधी कळतच नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. पानावरचं एक वाक्य कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. मराठीच राहिलं तर युनिकोड आहे. भलतीच अक्षरं आली तर कन्व्हर्टरमधून बदलून घ्या आणि एकदा डोळ्यांखालून घाला, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात.

इंग्रजी पानं हवी असतील तर त्यांना वेगळा पत्ता द्या. वर भाषांतराचं बटण लावून त्याच पानावर मजकूर बदलला, तर गूगलच्या लेखी इंग्रजी पान बहुधा नसतंच. आणि इंग्रजी स्वतः लिहा, नाहीतर जाणत्या माणसाकडून तपासून घ्या.

फोटो मोबाइलमधून थेट चढवले असतील तर एकेक चार-पाच एमबीचा असेल. ते लहान करून घ्या आणि होमपेजवरचा सरकत्या फोटोंचा पट्टा काढून टाका. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या फुकट टूलमध्ये मोबाइलचा आकडा बघा. पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसली पाहिजे, एवढं जमलं की पुरे. शंभरपैकी शंभर गुणांच्या मागं लागू नका. फोटोला ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे फोटोसोबत जोडायच्या मजकुरात, साधं वर्णन द्या, जसं की 'डंकात कुटली जाणारी ब्याडगी मिरची'. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी नंबर, पत्ता आणि फोन प्रत्येक पानाच्या तळाशी असू द्या. अनोळखी माणूस खाण्याची वस्तू मागवताना ते बघतो.

गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगल मॅपवर दिसणारी धंद्याची नोंद, केलं नसेल तर याच आठवड्यात करा. घरून धंदा असेल आणि गिऱ्हाईक घरी येत नसेल, पण तुम्ही स्वतः माल पोचवत असाल, तर पत्ता लपवून फक्त सेवेचा भाग दाखवता येतो. नावाच्या जागी फक्त धंद्याचं खरं नाव लिहा. 'बेस्ट कोल्हापुरी मसाला' असं पुढं जोडणं नियमात बसत नाही आणि त्यापायी प्रोफाइल बंद होऊ शकतं. रिव्ह्यू जरूर मागा, पण बदल्यात पाकीट फुकट देऊ नका, तेही चालत नाही. मॅपवर अंतराला महत्त्व असतं, त्यामुळं महाद्वार रोडवर उभं राहून शोधणाऱ्याला आणि कसबा बावड्यातल्या माणसाला वेगवेगळी दुकानं दिसतात. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला माणूस जाताना चटणी घेऊन जातो, त्याच्यासाठी हे प्रोफाइल. पुण्याचं गिऱ्हाईक मात्र तुमच्या पानांमधूनच येणार, मॅपमधून नाही.

'पाचशे बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून तुमच्या साइटकडं येणाऱ्या लिंक) अमुक रुपयांत' असा मेसेज तुम्हाला आला नसेल तर येईल. घेऊ नका, विकतच्या लिंक गूगलच्या नियमांविरुद्ध आहेत. तुमचा माल ठेवणारं पुण्यातलं दुकान, तुमची चटणी वापरून रेसिपी दाखवणारी एखादी यूट्यूबवाली ताई, बचत गटाच्या प्रदर्शनाची यादी, यांना साइटचा पत्ता द्यायला सांगा. अशा चार-दोन लिंकही बस्स झाल्या.

मग महिन्यातून एकदा सर्च कन्सोल उघडा. कोणत्या शब्दांवर तुमचं पान दिसलं आणि किती जणांनी क्लिक केलं ते बघा. ज्या शब्दांवर तुम्ही आठव्या ते विसाव्या क्रमांकाच्या आसपास आहात, त्या पानांवर आधी मेहनत घ्या: राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर घाला, टायटल सुधारा, दुसऱ्या पानावरून तिकडं लिंक द्या. सोळा महिन्यांची माहिती तिथं राहते, म्हणजे या उन्हाळ्याची गेल्या उन्हाळ्याशी तुलना करता येते. तुमच्या धंद्यात हे मोलाचं आहे. मार्च ते मे चटणीचा सीझन, आणि तेव्हा वर दिसायचं तर पानं दिवाळीच्या आसपास लिहून झालेली हवीत. मार्चमध्ये लिहिलेलं पान पावसाळ्यात वर येऊन काय उपयोग?

पैसे देऊन माणूस कधी लावायचा? साइट हॅक झाली, डोमेन बदलायचं आहे आणि जुने पत्ते नव्याकडं वळवायचे आहेत, किंवा ऑर्डर इतक्या वाढल्या की लिहायला सवड नाही, तेव्हा जरूर लावा. काय करणार ते आधी लेखी मागा. सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइलची मालकी तुमच्याच जीमेलवर ठेवा. प्रोफाइलवर त्याला मॅनेजर करा आणि सर्च कन्सोलवर साधा युजर, म्हणजे काम संपलं की त्याचं नाव तुम्हाला स्वतःला काढता येईल.