नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्याला

बाप्तिस्मा झाल्यापासून तुझा चेहरा नुसता फुललाय. फुलू दे! देवानं आपल्याला नावानं हाक मारली, हा आनंद दाबून ठेवायचा नसतो.

फक्त एक गोष्ट आत्ताच मनात पक्की कर. आपल्यात काही खास होतं म्हणून ही निवड झालेली नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, 7व्या अध्यायात, मोशे इस्राएलाला हेच बजावतो: तुम्ही संख्येनं मोठे नव्हता, उलट सगळ्यांत थोडे होता, देवानं प्रीती केली म्हणून निवडलं. इस्राएलाचा पूर्वज अब्राहाम, त्याला देवानं बोलावलं तेव्हाही आशीर्वाद त्याच्यापाशी थांबणार नव्हता, पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांपर्यंत पोचणार होता. आमोस संदेष्टा तर आणखी कडक. मी तुम्हालाच ओळखलं, म्हणून तुमच्याच अन्यायाचा जाब घेईन, असं देव त्याच्या तोंडून सांगतो. त्याच्या पुस्तकाचा तो 3रा अध्याय सावकाश वाच. मला तो फार धाक घालतो, आणि घालायलाच हवा.

तेव्हा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पद मिळवायची घाई करू नकोस. मिरजेच्या सिव्हिलमध्ये जतकडून, कर्नाटकातून पेशंट येतात. सोबतच्या म्हातारीला केसपेपर कुठं काढायचा, एक्स-रे कुठल्या खोलीत, काही कळत नसतं. हातात पिशवी आणि चिठ्ठी घेऊन ती उभीच राहते. तिच्यासाठी रांगेत उभा राहा. तिचा धर्म विचारू नकोस, आपलाही सांगत बसू नकोस. तिनं विचारलं, तर मात्र मोकळेपणानं बोल.

शनिवारी मी जाणार आहे. सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी गेटपाशी ये.