फुप्फुसाच्या कॅन्सरवर कार-टी उपचार चालतो का?

नाही, सध्या तरी नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली ती बी-पेशींच्या (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) लिम्फोमा-ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरसाठी, तीही आजार उलटला किंवा औषधांना दाद देत नसेल तरच. यात रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, काढतात, कॅन्सरच्या बी-पेशींवरचं सीडी१९ हे प्रथिन ओळखेल असा रिसेप्टर (पकडणारा रेणू) त्यांच्यावर बसवतात आणि सलाइनसारख्या परत चढवतात. सीडी१९ निरोगी बी-पेशींवरही असतं, त्यामुळे त्याही मरतात. पण त्यांच्याशिवाय माणूस तगतो. फुप्फुसाच्या गाठीवर सापडणारी बहुतेक प्रथिनं निरोगी अवयवांवरही असतात, तिथे हा हिशेब परवडत नाही. गाठीत शिरलेल्या टी-पेशी थकतात ते वेगळंच. फुप्फुसासारख्या अवयवांतल्या घन गाठींत एक अपवाद आहे, सायनोव्हियल सार्कोमा या मऊ ऊतींच्या कॅन्सरचा: त्यासाठी अमेरिकेने ऑगस्ट २०२४ मध्ये टेसेल्रा या उपचाराला मंजुरी दिली. हा उपचारही बदललेल्या टी-पेशींचाच, पण कार-टी नव्हे.