इंग्लंडमधील खेड्यांवरच्या विनोदी कादंबऱ्या वाचायच्या असतील, तर सुरुवात कुठून करावी?

द. मा. मिरासदारांच्या भोकरवाडीसारखे वल्ली माणसांनी भरलेले एखादे गाव इंग्रजी कादंबरीत भेटेल का, असे आपण विचारले आहे. अशी गावे एक सोडून अनेक भेटतात. फरक इतकाच की भोकरवाडीत जे काही चालते ते मोठ्या आवाजात चालते, आणि इंग्लंडच्या या गावांत विनोद घडतो तो कुणीच न बोललेल्या गोष्टींतून. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण तिथल्या लोकांनी गावसभेत एकमताने मंजूर करून घेतली असावी, असे ही पुस्तके वाचताना मला नेहमी वाटते.

या सगळ्यांची आजी म्हणजे एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘क्रॅनफर्ड’. ती १८५१ ते १८५३ या काळात चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकात सुट्या प्रकरणांच्या रूपाने आली आणि १८५३ साली पुस्तक झाली. लेखिकेचे बालपण चेशर परगण्यातील नट्सफर्ड येथे गेले, आणि क्रॅनफर्ड म्हणजे थोडेफार तेच. (ते खेडे की छोटे शहर, असा वाद इंग्रजीत होऊ शकतो, मराठीत ‘गाव’ म्हटले की प्रश्न मिटतो.) इथे राज्य आहे ते प्रौढ कुमारिकांचे आणि विधवांचे. त्यांच्याकडे पैसा बेताचा आहे, पण गरिबीचा उच्चार करणे हे त्यांच्या लेखी असभ्यपणाचे लक्षण आहे. एका घरी चहापान असते तेव्हा मोलकरीण येऊन सोफ्यावर बसलेल्या पाहुण्यांना जरा उठायला सांगते, कारण चहाचा ट्रे सोफ्याखाली ठेवलेला असतो. पाहुण्या हे जगातले सर्वांत स्वाभाविक कृत्य असल्यासारख्या उठतात आणि पुन्हा बसतात. यजमानीणबाई आज कोणते केक आले आहेत हे आपल्याला ठाऊकच नसल्याचा आव आणून बसलेल्या असतात, आणि त्यांनी सकाळभर स्वतः खपून ते केले आहेत हे तिथे बसलेल्या प्रत्येकीला पक्के माहीत असते.

याच पहिल्या प्रकरणात ती प्रसिद्ध गाय आहे. बेट्सी बार्कर नावाच्या बाईंची लाडकी गाय चुन्याच्या खड्ड्यात पडते आणि तिच्या अंगावरचे सगळे केस जातात. कॅप्टन ब्राउन हे सद्गृहस्थ तिला जगवायचे असेल तर फ्लॅनेलची बंडी आणि विजार शिवून घाला, असे सुचवतात आणि खरे तर तिला मारून टाकलेलेच बरे, असेही सांगतात. बाई सल्ल्याचा उत्तरार्ध सोडून देतात आणि पूर्वार्ध अक्षरशः अमलात आणतात. त्यानंतर करड्या फ्लॅनेलमधली ती गाय रोज शांतपणे चरायला निघते. गॅस्केल इथे एकही अधिक शब्द खर्च करत नाहीत, डोळा मारत नाहीत, आणि म्हणूनच हसू आवरत नाही.

पुढे मॅटी या म्हाताऱ्या कुमारिकेची बँक बुडते, तेव्हा हीच लपवाछपवी वेगळे रूप घेते. गावातल्या बायका, ज्यांच्या स्वतःच्या घरी मेणबत्तीचाही हिशेब ठेवला जातो, आपापल्या मदतीची रक्कम चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी बंद करून देतात, आणि मॅटीला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही असे ठरते. पहिल्या वाचनात मी कथानक शोधत बसलो आणि पुस्तक अर्ध्यावर सोडले होते. हे प्रकरण त्या अर्ध्याच्या पलीकडे होते, ही चुटपुट मला अजून आहे.

ई. एफ. बेन्सन यांच्या लुसिया-मालिकेत (१९२० ते १९३९, सहा कादंबऱ्या) इतकी माया नाही. तिथे झाकलेली मूठ हे हत्यार आहे. पहिल्या ‘क्वीन लुसिया’मध्ये राइझम नावाच्या खेड्यावर लुसियाबाईंचे सांस्कृतिक राज्य आहे. त्या बीथोव्हनच्या ‘मूनलाइट सोनाटा’चा फक्त संथ असा पहिला भाग वाजवतात, उरलेले दोन भाग सकाळच्या आणि दुपारच्या वातावरणाचे आहेत, असे त्यांचे म्हणणे असते, आणि ते भाग जलद व अवघड आहेत ही गोष्ट कुणी काढत नाही. भारतीय वाचकासाठी खास गंमत म्हणजे गावात अवतरलेला, ब्राह्मण म्हणवणारा योगी ‘गुरू’. त्याच्यासाठी दोन घरांत रस्सीखेच होते, सगळे पहाटे प्राणायामाला लागतात, आणि शेवटी तो लंडनमधल्या एका हॉटेलातला आचारी निघतो; ज्यांना हे कळते ते अब्रूपायी गिळून गप्प बसतात. बेन्सन उत्तरायुष्यात ससेक्समधील राय या गावी राहिले आणि १९३४ ते १९३७ या काळात तिथले महापौरही होते; मालिकेतील पुढच्या कादंबऱ्यांतले टिलिंग हे गाव म्हणजे रायच.

खेड्यांवरच्या गंभीर कादंबऱ्यांची टवाळी वाचायची असेल, तर स्टेला गिबन्स यांची ‘कोल्ड कम्फर्ट फार्म’ (१९३२) घ्यावी. चिखल, शाप आणि नियती यांनी ओथंबलेल्या तत्कालीन ग्रामीण कादंबऱ्यांचे हे विडंबन आहे. इथल्या गायींच्या इंग्रजी नावांचे अर्थ निरर्थक, नाकर्ती, दिशाहीन असे काहीतरी आहेत. घरातल्या वृद्ध एडा आत्याने लहानपणी लाकडांच्या खोपटात काहीतरी भयंकर पाहिले होते आणि त्या भांडवलावर तिने सारे कुटुंब आयुष्यभर मुठीत ठेवले आहे. ते काय होते हे लेखिका अखेरपर्यंत सांगत नाही. भांडी काट्याकुट्यांच्या काटकीने घासणाऱ्या म्हाताऱ्या गड्याला नायिका एक छोटा मॉप आणून देते, तर तो खरकट्या भांड्यांना लावण्यासाठी फार सुंदर आहे, असे ठरवून तो गोठ्यात जपून ठेवतो.

क्रिकेटवेड्यांसाठी ए. जी. मॅकडोनेल यांच्या ‘इंग्लंड, देअर इंग्लंड’ (१९३३) या कादंबरीतील खेड्यातल्या सामन्याचे प्रकरण सुटेही वाचता येते. तिथला लोहार-गोलंदाज उताराच्या इतक्या खालून धावत सुटतो की सुरुवातीला तो फलंदाजाला दिसतच नाही. हे लेखक स्कॉटिश खरे, पण जन्माने पुण्याचे. वुडहाऊस आपण वाचले असतीलच, म्हणून त्यांच्यावर वेळ घालवत नाही.

‘क्रॅनफर्ड’ आणि ‘क्वीन लुसिया’ या दोन्ही कादंबऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ‘क्रॅनफर्ड’चे पहिले प्रकरण एका बैठकीत वाचून पाहावे आणि मग काही दिवस थांबावे, कारण मूळ वाचकांनाही ती अशीच तुकड्यातुकड्याने मिळाली होती. विजार घातलेल्या गाईला आपण हसला नाहीत, तर मात्र पुढे रेटू नये. थेट एडा आत्याकडे जावे.