फ्रीज बदलायच्या आधी त्याची पाटी वाचा

या वेळी फ्रीजबद्दल बरीच पत्रं आलीत आणि बहुतेकांचं दुखणं एकच, मेकॅनिक म्हणतो पार्ट मिळत नाही, नवीन घेऊन टाका. हे वाक्य मला पटत नाही, कारण फ्रीजमधलं जे महाग असतं, म्हणजे कॅबिनेट, कॉईल, कंप्रेसर, ते बऱ्याचदा धडधाकट असतं आणि बिघडलेलं असतं ते काही शे रुपयांचं सामान. पार्ट शोधायला मात्र थोडी चिकाटी लागते. पत्रं मोठी होती म्हणून प्रश्न जरा छोटे करून घेतलेत.

चिपळूणहून एक ताई विचारतात : आमचा सिंगल डोअर फ्रीज बारा वर्षांचा झाला, थंड अजून छान करतो, पण दाराचं रबर खालून फाटलंय आणि काळं पडलंय. पावसाळ्यात दाराच्या कडेला पाणी सुटतं, फ्रीजरमध्ये बर्फाचा डोंगर होतो. सर्व्हिसवाला म्हणाला मॉडेल बंद झालं, रबर येणार नाही. एवढ्यासाठी फ्रीज टाकायचा का?

अजिबात नाही ताई. मॉडेल बंद झालं म्हणजे त्याचं रबर बंद झालं असं नसतं, कंपन्या एकच गॅस्केट चार-पाच मॉडेलना वापरतात, रंग आणि हँडल बदलतं पण दार तेच असतं. आणि अगदीच नाही मिळालं तर मापाचं बनवून मिळतं, ते पुढे सांगते.

आधी रबर खरंच गेलंय का ते बघा. दहाची नोट दारात अर्धी आत अर्धी बाहेर ठेवून दार लावायचं आणि ओढायची, सहज निघून आली तर तिथे पकड नाही. असं चारही बाजूंनी करा, बिजागरीच्या बाजूनेसुद्धा, ती बाजू लोक विसरतात. रात्री स्वयंपाकघरातले दिवे बंद करून मोबाइलची टॉर्च चालू ठेवून फोन आत ठेवा, दार लावा, उजेडाची रेघ जिथे दिसेल तिथून हवा आत जातेय. कोकणातली पावसाळी हवा दमट, ती आत गेली की त्यातलं पाणीच बर्फ होऊन बसतं, तुमचा डोंगर तिथूनच येतो आणि कंप्रेसर दिवसभर चालत राहतो म्हणून बिलही वाढतं.

नुसतं काळं पडलं असेल तर कोमट पाण्यात साबण घालून जुन्या टूथब्रशने घड्यांच्या आतून साफ करा आणि कोरडं पुसा. दबून चपटं झालं असेल तर हेअर ड्रायरची हलकी गरम हवा द्या, पुष्कळदा परत फुगतं. पण तुमचं फाटलंय, म्हणजे नवीनच लागणार.

आता फ्रीजची पाटी शोधा. भाजीच्या ट्रेच्या बाजूला आतल्या भिंतीवर किंवा मागे कंप्रेसरच्या जवळ स्टिकर असतो, त्यावर मॉडेल नंबर, सिरियल नंबर, कुठला गॅस आणि किती ग्रॅम हे सगळं लिहिलेलं असतं. दारावरचं मोठं चकचकीत नाव कामाचं नाही, ते जाहिरातीचं, पार्ट मिळतो तो या पाटीवरच्या पूर्ण नंबरावर, शेवटची एक-दोन अक्षरंसुद्धा सोडायची नाहीत. स्पेअर पार्टच्या दुकानदाराला त्या पाटीचा फोटो, पूर्ण दाराचा फोटो आणि रबराच्या कोपऱ्याचा जवळून काढलेला फोटो पाठवा, म्हणजे रबर खाचेत दाबून बसणारं आहे की आतल्या पॅनलच्या स्क्रूखाली धरलेलं आहे हे त्याला कळतं. माप घेताना इथेच गडबड होते, खाचेचं रबर असेल तर एका खाचेच्या मध्यापासून समोरच्या खाचेच्या मध्यापर्यंत मोजायचं, आणि स्क्रूचं असेल तर रबराच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. मिलिमीटरमध्ये द्या, इंचात अर्धा-पाव इकडेतिकडे झालं की कोपरे ओढले जातात.

तयार नाहीच मिळालं तर मोठ्या शहरात रबराच्या पट्ट्या मापाने कापून कोपरे गरम करून जोडून देणारे असतात, आत चुंबकाची पट्टी घालतात. कंपनीच्या रबराइतकं देखणं नसतं पण जोड नीट असेल तर चांगली वर्षं चालतं. कुरिअरने आलेलं रबर घडी पडून वाकडं झालेलं असतं, बसवायच्या आधी थोडा वेळ गरम पाण्यात टाका, सरळ होतं. आधी चारही कोपरे बसवा, मग मधलं. आणि पहिले काही दिवस कुठे फट दिसली तर घाबरू नका, ड्रायर द्या, रबर दाराला सरावतं.

आणि बर्फ काढायला सुरी, कालथा काही वापरू नका, ही विनंती आहे. सिंगल डोअरच्या फ्रीजरची भिंत म्हणजेच गॅसची नळी असते, एक टोचा बसला की गॅस गेला आणि पाचशेचं काम काही हजारांवर गेलं. थर्मोस्टॅटच्या गोल बटणाच्या मधोमध डीफ्रॉस्टचं, म्हणजे बर्फ वितळवायचं छोटं बटण असतं ते दाबा, बर्फ बोटभर जाड व्हायच्या आधीच दाबा.

नांदेडहून एक वाचक : फ्रीज चालू केला की टक आवाज येतो, थोडं घुं होतं, परत टक. असं दिवसभर. मेकॅनिकने कंप्रेसर गेला सांगितलं आणि आठ-नऊ हजार खर्च सांगितला. काय करावं?

दादा, पैसे द्यायच्या आधी त्याला तीन गोष्टी तुमच्या समोर तपासायला सांगा. पहिली म्हणजे व्होल्टेज. तुमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज फार पडतं, तेवढ्यात कंप्रेसर उचलतच नाही, नुसता घुं करतो आणि गरम होऊन बंद पडतो. मल्टिमीटर लावून फ्रीज सुरू होतानाच बघा, प्लग मोकळा असताना नाही.

दुसरी रिले आणि ओएलपी. कंप्रेसरच्या कुशीत प्लास्टिकच्या झाकणाखाली हे दोन छोटे पार्ट असतात. रिले म्हणजे ट्यूबलाइटच्या स्टार्टरसारखा, कंप्रेसरला सुरुवातीचा झटका देतो, आणि ओएलपी म्हणजे ओव्हरलोड प्रोटेक्टर, कंप्रेसर जास्त करंट खायला लागला की सप्लाय तोडतो. तुम्हाला जो टक ऐकू येतो तो बहुतेक याच ओएलपीचा, तो त्याचं काम चोख करतोय. रिले गेलेला असेल तर तो काढून कानाशी हलवला की आत तुकडे खुळखुळतात, जळका वासही येतो. दोन्ही मिळून काही शे रुपयांत येतात आणि कंप्रेसरवरचा नंबर सांगितला की दुकानात जुळणारे मिळतात. हे स्वतः उघडायला जाऊ नका, कपॅसिटर असेल तर प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो.

तिसरी, कंप्रेसरच्या तीन पिनांचं मल्टिमीटरवर ओहममध्ये येणारं रीडिंग. स्टार्ट, रन आणि कॉमन अशा पिना असतात, स्टार्ट ते रन जे रीडिंग येतं ते बाकी दोन रीडिंगच्या बेरजेएवढं यायला हवं आणि कुठल्याही पिनेपासून बॉडीपर्यंत काहीच रीडिंग यायला नको. असं आलं तर वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी शाबूत आहे. पाच मिनिटांचं काम आहे, जो मेकॅनिक ते न करता कंप्रेसर गेला म्हणतो त्याला हातसुद्धा लावू देऊ नका. फ्रीज इन्व्हर्टर कंप्रेसरचा असेल (घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे) तर हा हिशोब लागू नाही, त्यात हा रिले नसतो, तिन्ही पिनांचं रीडिंग सारखं येतं आणि बिघाड बऱ्याचदा पीसीबीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डात असतो, तो बोर्ड रिपेअर करणारे वेगळे लोक असतात.

एवढं करून कंप्रेसरच गेलेला निघाला तर बिल आणि वॉरंटी कार्ड काढा. दहा वर्षांची वॉरंटी म्हणून जी जाहिरात असते ती बहुतेक फक्त कंप्रेसर या वस्तूची असते, गॅस, मजुरी, ने-आण याचे पैसे वेगळे लागतात, कार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तरी निम्म्याहून जास्त खर्च वाचू शकतो. आणि पाटीवर आर 600ए लिहिलं असेल तर तो गॅस म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा. घाबरायचं कारण नाही, तो घरच्या फ्रीजमध्ये काही ग्रॅमच असतो, पण काम करताना खिडक्या उघड्या हव्यात, गॅस शेगडी बंद हवी आणि माणूस त्या कामाचा हवा. आर 134ए हा वेगळा गॅस, त्याच्या फ्रीजमध्ये हा किंवा याच्या फ्रीजमध्ये तो, अशी भेसळ चालत नाही. गॅस वजन करून भरायचा, त्याआधी व्हॅक्यूम करायचा म्हणजे पंपाने नळीतली हवा काढायची, आणि ड्रायर फिल्टर, म्हणजे नळीतला ओलावा शोषणारा पार्ट, नवीन टाकायचा, सिस्टिम उघडली की हे तिन्ही झालेच पाहिजेत.

ठाण्याहून : डबल डोअर फ्रॉस्ट फ्री आहे, भाजीच्या ट्रेखाली रोज पाणी साचतं. गॅस लीक आहे का?

नाही हो, गॅस पाण्यासारखा गळत नाही. फ्रॉस्ट फ्रीमध्ये आतला बर्फ ठरावीक वेळाने हीटरने वितळतो आणि ते पाणी एका भोकातून मागच्या ट्रेमध्ये जातं, कंप्रेसरच्या उष्णतेने तिथे उडून जातं. ते भोक शेवाळ, कोथिंबिरीची काडी, कशानेही बुजलं की पाणी आतच उतरतं. फ्रीज बंद करून दारं उघडी ठेवून रात्रभर सोडा, मग सुई काढलेल्या सिरिंजने कोमट पाणी भोकात सोडा, मागच्या ट्रेमध्ये उतरलं की झालं. महिनाभरात परत तसंच झालं, वर बर्फ धरतोय आणि खालचा कप्पा गार होत नाही, तर डीफ्रॉस्टचा हीटर, बायमेटल (हीटर चालू-बंद करणारा स्विच) किंवा सेन्सर तपासून घ्या, तेही सुटे मिळतात.

तो मागचा ट्रे मात्र दर आठवड्याला रिकामा करून ब्रशने घासा. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, महापालिकेचे लोक घरी येतात तेव्हा कुंड्यांबरोबर हा ट्रेही बघतात ते उगाच नाही. अंडी कडेला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात म्हणून नुसतं ओतून भागत नाही.

पुण्याहून एक आजोबा : भाजीच्या ट्रेवरची काच फुटली आणि दारातला बाटल्यांचा रॅकही तडकलाय. ऑनलाइन बघितलं तर काचेची किंमत फारच सांगतात.

काका, काचेसाठी कंपनीची वाट बघू नका. जुनी काच टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली असते, ती एकदा टफन केली की कापता येत नाही, म्हणून काचवाल्याकडून मापाची कापून मग टफन करून घ्यायची, जाडी जुन्या तुकड्यावर मोजायची आणि कडा घासून मागायच्या. प्लास्टिकची पुढची पट्टी फुटली नसेल तर तीच वापरा. साधी काच बसवू नका, भरलेलं पातेलं ठेवलं की धोका. रॅकसाठी तुमच्याकडे रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार आहे, जुना रॅक पिशवीत घालून घेऊन जा, आठवणीवर घेतलेला हमखास बसत नाही. नाहीतर घराजवळ जुने फ्रीज दुरुस्त करून विकणारा असतो, त्याच्याकडे मोडलेल्या फ्रीजचे ट्रे, रॅक, बिजागऱ्या रचलेल्या असतात.

आणि कंपनी पार्ट द्यायला नुसती टोलवाटोलवी करत असेल तर केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाचं राइट टू रिपेअर पोर्टल आहे, 2022 च्या डिसेंबरात सुरू झालं, त्यात घरगुती उपकरणंही येतात, तिथे कंपन्यांची सर्व्हिस आणि वॉरंटीची माहिती बघता येते. तक्रार करायची तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर आहे. तक्रार करताना मॉडेल नंबर आणि कंपनीशी झालेलं लेखी बोलणं जवळ ठेवा, तोंडी सांगितलेलं काही उपयोगाचं नसतं.

कोल्हापूरहून : आमचा मेकॅनिक दर उन्हाळ्यात येऊन गॅस टॉप-अप करतो, ते गरजेचं आहे का?

नाही. फ्रीजमधला गॅस वापरून संपत नाही, बंद नळीत तोच फिरत राहतो, वीस वर्षंसुद्धा. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे आणि लीक न शोधता भरला तर पुढच्या उन्हाळ्यात परत जाणार, तुम्ही दर वर्षी तेच पैसे देताय. लीक कुठे आहे ते दाखव असं त्याला स्पष्ट म्हणा.

उन्हाळ्याच्या आधी करायचं ते घरच्या घरी होतं. प्लग काढून मागची काळी जाळी मऊ ब्रशने झाडा, भिंतीपासून वीतभर तरी अंतर ठेवा. नवीन फ्रीजना मागे जाळी दिसत नाही, ती बाजूच्या पत्र्यात असते म्हणून बाजू गरम लागतात, तो बिघाड नाही, पण बाजूला कपाट चिकटवू नका. लाइट जाऊन लगेच आली तर तीन-चार मिनिटं थांबून चालू करा.

लीक फोमच्या आत, पत्र्यामागे लपलेली निघाली आणि आतलं प्लास्टिकही तडकलं असेल तर मात्र त्या फ्रीजवर आणखी पैसे घालू नका, ते काम टिकत नाही. भंगारात न देता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, आणि तो नेईपर्यंत अंगणात किंवा जिन्यात ठेवणार असाल तर आधी दार बिजागरीतून काढून टाका, लहान मुलं खेळता खेळता आत शिरतात आणि दार आतून उघडत नाही.