पुस्तकवेड आहे, नोकरी आहे आणि कादंबरी लिहायची आहे. अशा माणसाचा दिवस कसा जातो?

प्रश्नाखाली तुम्ही ‘वाचन आणि लेखन दोन्ही कसं जमवता?’ असंही विचारलंय. तिथूनच सुरुवात करते, कारण माझ्याकडे ही दोघं सख्खी भावंडं नाहीत, सवती आहेत.

पहिली दोन वर्षं मी कादंबरी लिहिलीच नाही, कादंबरीची ‘तयारी’ केली. हातातलं पुस्तक संपलं की बसायचंच लिहायला, असं दर वेळी ठरायचं. ते संपलं की स्वतःचं लिखाण इतकं पचपचीत वाटायचं की आणखी एक पुस्तक उघडावंच लागायचं. वाचत बसलेल्या माणसाला कुणी आळशी म्हणत नाही, हीच तर त्यातली गोम!

आता सकाळी पावणेसहा ते पावणेसात हा एक तास कादंबरीचा. फोन दुसऱ्या खोलीत. रोज 300 शब्द धरले तर 60,000 शब्दांचा पहिला खर्डा 200 दिवसांत हातावेगळा व्हायला हवा. मला चौदा महिने झालेत आणि मी 41,000 वर आहे. काही दिवस आदल्या दिवशीचंच खोडण्यात जातात, काही दिवस मी उठतच नाही. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करायचा आणि पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा. समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटांना 250 शब्द. त्याच्या मृत्यूनंतर, 1883 साली आलेल्या आत्मचरित्रात त्याने हे स्वतःच सांगितलंय. शिवाय त्याला उठवण्यासाठी एक नोकर होता, त्या कामाचे वर्षाला पाच पौंड जादा घेणारा. माझ्याकडे गजर आहे. तो बंद करता येतो.

दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, मी हिशेब तपासण्याची नोकरी करते. जाता-येता कानावर पडलेलं एखादं बोलणं तेवढं टिपून ठेवते. परवाचं एक: ‘जेवलास का?’ ‘तिचा फोन आला होता.’ बास, एवढंच. माझ्या कादंबरीतली माणसं तोवर एकमेकांच्या प्रश्नांना शहाण्यासारखी पूर्ण उत्तरं देत होती, तोंडी परीक्षा चालल्यासारखी. त्या दोन ओळींमुळे एक अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

खरं काम संध्याकाळी कळतं. मागच्या महिन्यात स्वतःचं एक पान मोठ्याने वाचलं. बावीस वाक्यांपैकी सतरा ‘होता-होती-होते’वर संपत होती. ‘खोलीत अंधार होता. तो खिडकीपाशी उभा होता. बाहेर पाऊस पडत होता.’ जात्याची घरघर नुसती. मनात वाचताना हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे भूतकाळात गोष्ट सांगायला घेतली की हा खड्डा ठरलेला.

मग आवडत्या तीन कादंबऱ्या काढल्या आणि गोष्टीकडे न बघता फक्त वाक्यांचे शेवट बघत गेले. एकीत क्रियापद सरळ गाळलेलं, म्हणजे ‘खोलीत अंधार. खिडकीपाशी तो’ अशा धर्तीचं. दुसरीत ऐन प्रसंगात लेखक वर्तमानकाळात शिरलेला. तिसरीत क्रियापद उचलून आधी आणलेलं, बोलताना आपण आणतो तसं. मी हे तिन्ही उपाय हौसेने एकाच पानावर वापरले, तर पान नाटकी झालं, रंगमंचावरच्या सूचनांसारखं. शेवटी सतरापैकी नऊ ‘होता’ परत आणले. ते एकामागून एक आले नाहीत तर कुणाला टोचत नाहीत.

पुस्तकप्रेमाचा लिहिणाऱ्याला खराखुरा उपयोग होतो तो असा. पहिल्यांदा वाचक म्हणून वाचायचं, मनसोक्त, आणि दुसऱ्यांदा चोर म्हणून. पहिल्याच वाचनात चोरी करायला गेलात तर पुस्तकाची मजाही जाते आणि हाती काही लागतही नाही.

संसर्गाचं मात्र सांभाळा. लांबलचक वाक्यांचा लेखक आठवडाभर वाचला की माझी नायिकाही श्वास न घेता बोलायला लागते. ती आहे मुळात अबोल! म्हणून एखादं प्रकरण रंगात आलं असेल तेव्हा रात्री मी कादंबऱ्या वाचत नाही. प्रवासवर्णनं, आत्मचरित्रं, नाहीतर सरळ शब्दकोश. शब्दकोशात वेळ कसा जातो ते विचारू नका. ‘कवाड’ बघायला जावं आणि अर्ध्या तासाने ‘कसर’वर सापडावं.

आणि हो, कादंबरी लिहितोय हे सगळ्यांना सांगत सुटू नका. मी सांगितलं. आता प्रत्येक लग्नकार्यात ‘काय गं, झाली का?’ हे ठरलेलं. झाली नाही म्हटलं की समोरचा माणूस स्वतःच्या आयुष्यावर कशी कादंबरी होईल ते सांगायला बसतो.

सध्या एक जाडजूड नवी कादंबरी कपाटावर ठेवलीय, हात सहज पोचणार नाही अशी. माझं एकोणिसावं प्रकरण पूर्ण झालं की ती उघडायची, असं ठरलंय. काल स्टुलावर चढून तिचं पहिलं पान वाचलं. वाक्यांचे शेवट बघायला, फक्त.