चॉकलेटात अळी, ड्रायफ्रूटात जाळी : तुमचे प्रश्न

प्रश्न : माझं जनरल स्टोअर आहे. काजू-बदामवाल्या चॉकलेटच्या पाकिटात जाळी आणि पांढरट अळ्या निघाल्या, पाकीट तर फुटलेलं नव्हतं. म्हणजे कंपनीतूनच आल्या ना?

तसं लगेच म्हणता येणार नाही. आधी पॅकिंगची तारीख बघा. आपल्याकडच्या गरमीत अंड्यातून अळी आणि अळीचं पाखरू (छोटा पतंग) व्हायला साधारण महिना लागतो, तेव्हा माल चार-पाच महिन्यांचा असेल आणि आत जिवंत अळी दिसत असेल तर ती बहुतेक नंतर, एजन्सीच्या गोडाऊनमध्ये नाहीतर तुमच्याच रॅकवर शिरली. नुकती अंड्यातून निघालेली अळी जेमतेम एक मिलिमीटरची असते, कागदाच्या घडीतून, सीलच्या फटीतून आरामात आत जाते आणि थोडी मोठी झाली की पातळ प्लास्टिक कुरतडते. शेंगदाणे, बदाम, मनुका असलेला माल तिला जास्त आवडतो, साधं चॉकलेट त्यामानाने कमी. 2003 मध्ये महाराष्ट्रात कॅडबरीत अळ्या सापडल्या तेव्हा हाच वाद झाला होता, कंपनी म्हणे दुकानदार नीट ठेवत नाहीत, एफडीए (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) म्हणे पॅकिंगच कच्चं, आणि 2004 ला कंपनीने सीलबंद फॉइल आणलं. माझ्या मते त्यात दोघांचंही थोडं खरं होतं.

प्रश्न : गोडाऊनमध्ये धान्यात टाकतात ती गोळी ठेवली तर चालेल?

अजिबात नाही!! त्या गोळीतून फॉस्फिन निघतो, विषारी गॅस आहे, आणि वर-मागे घर असेल तर झोपेतच माणसं जातात. हे काम लायसन्सवाल्या पेस्ट कंट्रोलचं. मिठाईजवळ स्प्रेपण मारू नका.

प्रश्न : फेरोमोन ट्रॅप (मादीच्या वासाने पाखरं ओढणारा चिकट सापळा) लावलाय, रोज पाखरं चिकटतात पण कमी होत नाहीत.

कारण त्यात फक्त नर अडकतात हो, अंडी घालणारी मादी मोकळीच. ट्रॅपचा उपयोग एवढाच, की कुठल्या कोपऱ्यात जास्त पाखरं आहेत ते कळतं. मग तिथलं सगळं खाली काढा. बहुतेक वेळा रॅकच्या मागे सांडलेलं बेदाण्याचं पाकीट, परत आलेला माल ठेवलेला खोका किंवा मागच्या दिवाळीचं उरलेलं गिफ्ट हॅम्पर निघतं (ते "पुढच्या वर्षी विकू" म्हणून ठेवलेलं असतं, हो ना?). ते बाहेर टाका, फटी व्हॅक्यूमने साफ करा, आणि आधी आलेला माल आधी विका.

प्रश्न : चॉकलेटवर पांढरी पावडर दिसते, अंडी आहेत का?

नाही, बहुतेक ते चॉकलेटमधलंच फॅट असतं, उन्हाने वितळून परत घट्ट झालं की वर येतं. खायला हरकत नाही. जाळी किंवा काळपट दाण्यांसारखी विष्ठा दिसली तर मात्र टाकून द्या.

प्रश्न : काजू-बदाम किलोने आणतो, घरी काय करू?

हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरला, उणे 18 ला, चार-पाच दिवस ठेवा, अंडीसुद्धा मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर पाणी सुटून बुरशी येईल, आणि मग काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा.