तळ्यातला ट्राउट किती खोल असतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : गेली सहा वर्षे मी वाहत्या नदीत फ्लायने, म्हणजे गळावर बांधलेल्या कीटकासारख्या कृत्रिम आमिषाने, ट्राउट मासे धरतो आणि त्यात बऱ्यापैकी यशही येते. यंदा प्रथमच तळ्यावर गेलो. तीन दिवस पाण्यावर मासे उसळताना दिसत होते, मी डबीतल्या जवळजवळ सगळ्या फ्लाय बदलून पाहिल्या, पण एकही मासा लागला नाही. माझी फ्लायची निवड चुकत होती का?

उत्तर : निवड चुकलीही असेल, पण आपल्या पत्रावरून मूळ चूक त्याआधीच झालेली दिसते. नदीत पाणी चालते आणि मासा थांबतो; दगडाच्या आडोशाला उभ्या असलेल्या ट्राउटपुढे प्रवाहच खाद्य आणून टाकतो, आणि म्हणून तिथे जागा ओळखली की अर्धे काम झालेले असते. तळ्यात पाणी थांबलेले असते, त्यामुळे मासाच फिरतो. तो कुठून जातो आणि पृष्ठभागाखाली किती खोलीवरून जातो, हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात. फ्लायचा रंग आणि आकार हा त्यानंतरचा विषय. आपण तिसऱ्या प्रश्नावर तीन दिवस घालवलेत. मीही सुरुवातीला एक अख्खा हंगाम तसाच घालवला होता.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे आहे. उथळ भाग संपून तळ एकदम खोल जातो ती कड, पाणवनस्पतींच्या गर्दीची बाहेरची किनार आणि वारा ज्या काठावर येऊन आदळतो तो काठ, या तीन जागा आधी पाहाव्यात. वाऱ्याकडे तोंड करून फ्लाय फेकणे त्रासाचे असते, म्हणून बहुतेक जण वाऱ्याला पाठ देऊन शांत काठावर उभे राहतात. पण पृष्ठभागावरचे खाद्य वाऱ्याबरोबर समोरच्या काठाकडे गेलेले असते आणि मासेही त्याच्या मागे गेलेले असतात.

आता खोलीविषयी. तळ्यातल्या ट्राउटच्या खाद्यात काइरोनोमिड या कीटकांचा वाटा मोठा असतो. हे दिसायला डासासारखे असतात, पण चावत नाहीत. त्यांच्या अळ्या तळाच्या चिखलात राहतात. चिखलात प्राणवायू कमी असल्याने काही जातींच्या अळ्यांत हिमोग्लोबिन असते आणि त्या लालभडक दिसतात. अळीचा कोष झाला की तो चिखलातून बाहेर पडतो, काही काळ तळाच्या जरासा वर रेंगाळतो आणि मग अतिशय सावकाश, थांबत थांबत वर येऊ लागतो. कातडीखाली साठलेल्या हवेमुळे तो चंदेरी चमकतो आणि डोक्याशी कल्ल्यांचे पांढरे झुपके दिसतात. वर पोचल्यावर कातडी फाटते, कीटक बाहेर येतो आणि उडून जातो. आपल्याला दिसते ती ही शेवटची काही क्षणांची घटना. ट्राउटचे बरेचसे खाणे मात्र त्याआधीच, तळापासून फूट-दोन फूट उंचीवर उरकलेले असते. वर उसळणारे चार मासे पाहून आपण वरच्या थरात फ्लाय टाकत राहिलात आणि उरलेले मासे बारा-पंधरा फूट खाली निवांत चरत राहिले, असे घडण्याची शक्यता फार मोठी आहे.

यावर एक साधा उपाय आहे. होडी दोन्ही टोकांना नांगरून स्थिर करावी. एकाच नांगरावर ती वाऱ्याने झुलत राहते आणि फ्लाय सतत जागा सोडते. त्यानंतर तरंगत्या लाइनच्या (रॉडवरच्या जाड दोरीच्या) पुढच्या लांब लीडरवर, म्हणजे फ्लाय बांधायच्या बारीक दोऱ्यावर, फ्लोट (तरंगणारी खूण) लावावा आणि टोकाच्या फ्लायला गळ काढण्याचा आपला चिमटा अडकवून तो होडीच्या कडेने सरळ खाली सोडावा. चिमटा तळाला टेकला की लीडर सैल पडतो. तो हलकेच ताणून, पाणी जिथे लीडरला टेकते त्याच्या फूटभर खाली फ्लोट पक्का करावा. चिमटा काढून फ्लाय पाण्यात सोडली की ती तळापासून बरोबर फूटभर वर लटकते. फ्लोट ताणासरशी सुटून सरकणारा असावा, नाहीतर पंधरा फुटांच्या लीडरवर मासा जाळ्याजवळ आणताना फ्लोट रॉडच्या टोकाशी अडकतो आणि मासा हाताबाहेरच राहतो. फ्लाय बारा ते सोळा क्रमांकाच्या गळावर बांधलेली, काळी किंवा गडद तपकिरी आणि सडपातळ असावी. त्यानंतर काहीही करू नये. नदीवरून आलेल्या माणसाला हेच सर्वांत अवघड जाते! फ्लोट बुडण्याची वाट पाहू नये; तो किंचित कलला किंवा लाटेबरोबर हलायचा थांबला, तरी रॉड उचलावा. अर्ध्या तासात काहीच न घडल्यास फ्लाय बदलण्याआधी फ्लोट फूटभर वर-खाली करून पाहावा.

उसळणारे मासेही वाचता येतात. पूर्ण अंग हवेत काढून पडणारा मासा अनेकदा खात नसतोच. पाठ आणि शेपटीचे टोक दिसले पण तोंड दिसले नाही, तर तो पृष्ठभागाच्या लगत खाली अडकलेले कोष टिपतो आहे असे समजावे. उसळीने उठलेल्या तरंगांच्या वर्तुळात हवेचा बुडबुडा उरला, तर त्याने पृष्ठभागावरून काहीतरी उचलले. सुकी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, फ्लाय वापरायची ती फक्त या शेवटच्या खुणेवर.

प्रश्न : काठावरून मासेमारी करायची असल्यास बुडणारी लाइन घ्यावी का, आणि ती किती खोल गेली हे कसे कळते?

उत्तर : पहिली लाइन तरंगतीच घ्यावी, दुसरी सावकाश बुडणारी इंटरमीडिएट. त्यापुढच्या लाइनवरचा क्रमांक ती सेकंदाला साधारण किती इंच बुडते ते सांगतो. म्हणजे ३ क्रमांकाची लाइन २० सेकंदांत सुमारे ६० इंच, अर्थात ५ फूट खाली जाते. फ्लाय पाण्यात पडल्यापासून मनात आकडे मोजावेत आणि दर फेकीला पाच आकडे वाढवत न्यावेत. फ्लायला शेवाळ लागून आले की तळ सापडला. तिथून पाच आकडे मागे यावे आणि मासा लागला तो आकडा विसरू नये. टाचणी या कीटकाची पिल्ले काठाच्या गवताकडे पोहत येत असतील, तेव्हा मात्र एवढे खोल जाण्याची गरज नसते. हिरवट, बारीक फ्लाय दोन-तीन फुटांवरून काठाच्या दिशेने छोट्या ओढींनी आणावी.

प्रश्न : मासा फ्लायला टोचल्यासारखे करतो आणि सोडून देतो. काय करावे?

उत्तर : बहुतेक वेळा दोष रॉडच्या टोकाचा असतो. टोक पाण्यापासून दोन फूट वर धरले की तेथून पाण्यापर्यंत लाइनला झोळ पडतो, आणि माशाची ओढ त्या झोळातच विरते. टोक पाण्याला टेकवून ठेवावे, लाइन डाव्या हाताच्या बोटांवर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गुंडाळत सावकाश गोळा करावी आणि टोचणी जाणवली तरी रॉड न उचलता ओढ चालू ठेवावी. लाइन जड झाली की मगच रॉड उचलावा.

प्रश्न : उन्हाळ्यात धरलेले मासे परत सोडले तर ते जगतात का?

उत्तर : पाण्याच्या तापमानावर ते ठरते. १० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, २० अंशांना तो ९ पर्यंत घसरतो आणि त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. खोल तळ्यांत उन्हाळ्यात वर कोमट आणि खाली गार असे थर पडतात. सुपीक तळ्याच्या सर्वांत खालच्या थरात प्राणवायू उरत नाही, म्हणून ट्राउट मधल्या थराच्या आसपास दाटीने राहतो. तिथून ओढून कोमट पाण्यात दमवलेला मासा पोहत जाताना दिसला तरी नंतर मरू शकतो. दोरीला थर्मामीटर बांधून जवळ ठेवावा आणि वरचे पाणी २० अंशांच्या पुढे गेले असेल तर सोडण्यासाठी मासे धरूच नयेत. त्याखाली असेल तर उलटा काटा नसलेला गळ वापरावा, मासा जाळ्यातच पाण्यात ठेवून गळ काढावा आणि हात ओले असल्याशिवाय त्याला स्पर्श करू नये.